हर-२ पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय? स्तनाच्या कर्करोगातली संदेशवाहक प्रथिनं आणि रिपोर्टाचं वाचन

काचपट्टी (धागाकर्ती)

ब्रेस्ट कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं कोणीतरी तो आधी गुगलवर टाकतं आणि मग डॉक्टरांकडे नेतं. त्याला माझी हरकत नाही. पण मध्यंतरी इथल्याच आरोग्य विभागात 'हर-२ पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार ना?' असं कोणीतरी विचारलं होतं, आणि खाली 'हो, फार आक्रमक असतो, फारशी आशा ठेवू नका' असं ठोकून दिलेलं वाचलं. १९८७ साली हे उत्तर बरोबर होतं. आज तेच उत्तर देणं म्हणजे आधीच घाबरलेल्या घराला उगाच आणखी घाबरवणं. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला क्वचित भेटतात, त्यांच्या गाठी रोज भेटतात. उपचारांवर इथले ऑन्कोलॉजिस्ट बोलतीलच. रिपोर्टातल्या त्या चार ओळी येतात कुठून आणि त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची, एवढंच मी लिहिते.

स्तनातली पेशी आपल्या मर्जीने वाढत नाही. वाढीचा निरोप बाहेरून यावा लागतो. तो घेणारी प्रथिनं पेशीच्या पडद्यावर असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. हर कुटुंबात अशी चार भावंडं आहेत: हर-१ (हाच ईजीएफआर), हर-२, हर-३ आणि हर-४. निरोप आला की यांतली दोन एकमेकांना चिकटतात, पेशीच्या आतल्या टोकाला फॉस्फेटचे गट लागतात आणि तिथून निरोप पुढे जातो. मुख्य मार्ग दोन. रास-राफ-मेक-अर्क हा प्रामुख्याने विभाजनाचा. पीआय-३-के, एकेटी, एमटॉर हा वाढीचा आणि तगून राहण्याचा.

हर-२ या कुटुंबातलं विचित्र भावंड आहे. त्याला स्वतःचा असा निरोप्या रेणूच नाही. ते कायम जोडी जमवायला सज्ज असतं. हर-३ ची स्वतःची फॉस्फेट लावायची ताकद जवळपास शून्य, पण हर-२ शी जोडी जमली की या कुटुंबातला सगळ्यात जोरकस संदेश निघतो. नेहमीच्या पेशीत हर-२ च्या जनुकाच्या दोन प्रती असतात, १७ व्या गुणसूत्रावर. काही गाठींमध्ये त्या प्रती दहा, वीस, कधी त्याहून जास्त होतात आणि पडद्यावर हे प्रथिन लाखांनी उगवतं. मग बाहेरून निरोप येवो न येवो, आत विभाजनाचा हुकूम चालूच राहतो.

याचा शोध कसा लागला तेही सांगते, कारण त्यात एक मुंबईकर आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या गाठींवर काम चालू होतं. मुंबईहून तिथे गेलेले लक्ष्मी चरण पाढी यांनी १९८२ मध्ये त्या गाठींमधलं एक प्रथिन पकडलं. पुढे त्याच्या जनुकाला 'न्यू' हे नाव मिळालं. माणसातलं तसंच जनुक जेनेनटेक कंपनीत अॅक्सेल उलरिख यांच्या गटाने वेगळं केलं, तेच हर-२. उलरिखकडे जनुक होतं पण ते कुठल्या रोगात शोधायचं हे माहीत नव्हतं. लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लॅमनकडे जपून ठेवलेल्या गाठी होत्या. दोघं एकत्र आले. १९८७ साली त्यांनी १८९ स्तनगाठी तपासून दाखवलं की सुमारे ३० टक्क्यांमध्ये या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आहेत आणि त्या बायकांमध्ये रोग लवकर उलटतो, मृत्यूही लवकर येतो. (आजच्या मोजणीत हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतात.)

'हर-२ म्हणजे वाईट' या समजुतीचं मूळ इथे आहे. त्या वेळी हर-२ ला अडवणारं औषधच नव्हतं. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटायला लागलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोग आधीच पसरलेल्या बायकांमध्ये, नुसत्या केमोने सरासरी आयुष्य २०.३ महिने होतं, सोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर २५.१. आकडा छोटा वाटेल. पण २०१० मध्ये टेक्सासमधल्या एमडी अँडरसन रुग्णालयातून आलेला आकडा बघा. रोग पसरलेल्या दोन हजारांवर बायका. वर्षभराने हयात असलेल्या: हर-२ निगेटिव्ह ७५.१ टक्के, हर-२ पॉझिटिव्ह पण ट्रास्टुझुमॅब न मिळालेल्या ७०.२ टक्के, आणि हर-२ पॉझिटिव्ह व ट्रास्टुझुमॅब मिळालेल्या ८६.६ टक्के. ज्या प्रथिनामुळे त्या रांगेत शेवटी होत्या त्याच प्रथिनामुळे पहिल्या आल्या.

डॉक्टर दोन प्रश्न वेगळे ठेवतात. एक, काही केलं नाही किंवा सर्वांना सारखाच उपचार दिला तर रोग कसा वागेल? त्याचं उत्तर देणारं प्रथिन प्रॉग्नोस्टिक. दोन, अमुक औषध चालेल का? त्याचं उत्तर देणारं प्रेडिक्टिव्ह. हर-२ दोन्ही आहे. ईआर (ईस्ट्रोजेन या हार्मोनचा निरोप पकडणारं प्रथिन) दोन्ही आहे. नेटवरच्या लेखांमध्ये या दोन गोष्टींची सर्रास खिचडी असते. कुठलाही आकडा वाचलात की आधी बघा, तो कुठल्या सालचा आहे आणि त्या बायकांना औषध कोणतं मिळालं होतं.

ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचा रिसेप्टर) आणि केआय-६७ (किती पेशी विभाजनात आहेत ते सांगणारं प्रथिन) यांवर प्रतिसादांत लिहीन. इथेच फार लांबलं.

---

गवती चहा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

वसुधा_सातारा

ताई, फार गरजेचा धागा. नणंदेचा रिपोर्ट आलाय, वय ५२. ईआर ८/८, पीआर ३/८, हर-२ २+, केआय-६७ २५ टक्के. डॉक्टर म्हणाले फिश करा, मग ठरवू. आता हे २+ म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? घरात दोन तट पडलेत.

---

काचपट्टी

वसुधाताई, दोन्ही तटांना सांगा, थांबा.

गाठीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घेतात. हर-२ ला चिकटणारी अँटिबॉडी त्यावर सोडतात आणि ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो. मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते ते असं: ३+ असेल तर दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड तपकिरी कडा. त्यात शंकेला जागा नसते, लहान भिंगातूनही दिसतं. ० किंवा १+ म्हणजे रंग नाहीच किंवा पुसट, तुटक. २+ मध्ये कडा पूर्ण असते पण फिकी. तिथे डोळ्यावर विसंबून औषध ठरवायचं नसतं, म्हणून जनुकाच्या प्रती थेट मोजायच्या. तीच फिश. अंधारात चमकणारे ठिपके असतात, हर-२ चे लाल आणि १७ व्या गुणसूत्राच्या मध्याचे हिरवे. पेशीगणिक मोजायचे. लाल-हिरव्याचं गुणोत्तर २ किंवा जास्त आणि लाल ठिपके सरासरी ४ किंवा जास्त असले की पॉझिटिव्ह. गुणोत्तर २ च्या खाली आणि लाल ठिपके ४ हून कमी असले की निगेटिव्ह. मधल्या विचित्र जोड्याही येतात, त्यांचे वेगळे नियम आहेत. २+ पैकी बऱ्याचशा शेवटी निगेटिव्ह निघतात.

८/८ ही ऑलरेड पद्धत. किती पेशी रंगल्या याला ० ते ५, किती गडद रंगल्या याला ० ते ३, दोन्हींची बेरीज. म्हणजे ईआर भरपूर आहे. ही चांगली बातमी, हार्मोनच्या गोळ्यांना रोग ऐकण्याची शक्यता चांगली. पीआर हे प्रथिन ईआरच्या हुकुमावर तयार होतं. ईआर इतका भरलेला असून पीआर कमी असेल तर तो मार्ग कुठेतरी अडखळतोय असं समजतात, आणि अशा गाठी जरा जास्त खोडकर असतात. जरा. त्यावरून झोप उडवून घेऊ नका.

---

मँचेस्टरकर

ईआरचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे अवांतर. १८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी स्त्रीबीजकोश काढल्यावर स्तनातील पसरलेला कर्करोग आक्रसतो असे दाखवले. कारण कोणालाच ठाऊक नव्हते, ईस्ट्रोजेनचा शोधसुद्धा लागायचा होता. पुढे शिकागोत एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी ईस्ट्रोजेन वापरून दाखवले की ठरावीक ऊतींमध्येच ते अडकून राहते, कारण तिथे ते पकडणारे प्रथिन आहे. तोच ईआर. त्यावरून गाठ तपासून आधीच ठरवता येऊ लागले की कोणाला हार्मोनच्या उपचाराचा फायदा होईल. तोपर्यंत बायकांचे स्त्रीबीजकोश वा अॅड्रिनल ग्रंथी सरसकट काढत, आणि फायदा होई साधारण तिघींपैकी एकीला.

टॅमॉक्सिफेन आमच्या इथून जवळच, चेशरमधल्या आल्डर्ली पार्कला तयार झाले. १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन यांनी ते बनवले, आणि कंपनी शोधत होती गर्भनिरोधक! त्या कामी ते निरुपयोगी ठरले. ब्रिटनमध्ये कर्करोगासाठी मान्यता मिळाली १९७३ साली.

---

रा. रा. शंकाखोर

वाचतोय. पण एक सरळ प्रश्न. आधी औषध, मग ते विकायला टेस्ट, मग टेस्टसाठी कीट. या सगळ्या 'मार्कर'मध्ये पेशंटचं भलं किती आणि कंपन्यांचं किती? माझ्या मावसभावाच्या बायकोला वर्षभर ते इंजेक्शन दिलं, घरातली गाय-म्हैस नाही विकली एवढंच.

---

ऑन्को_नागपूर

शंकाखोर, प्रश्न रास्त आहे, उत्तर उलटं आहे. टेस्ट नसती तर ते इंजेक्शन सगळ्यांनाच विकता आलं असतं. हर-२ मुळे बाजार पाचातल्या एकीपुरता आटला. स्लॅमन-उलरिखच्या काळात जेनेनटेक कंपनीच या प्रकल्पावर फार खूश नव्हती, कर्करोगाच्या औषधात पैसा घालायचा की नाही यावर त्यांच्यातच वाद होते. शिवाय चाचणीत फक्त हर-२ वाढलेल्याच बायका घेतल्या म्हणून फायदा दिसला. सरसकट सगळ्यांना दिलं असतं तर तो सरासरीत बुडाला असता आणि औषध बहुधा कपाटात गेलं असतं.

किमतीबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. दर तीन आठवड्यांनी, असं वर्षभर. मूळ औषध परवडणारे माझ्याकडे पूर्वी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २०१४ च्या सुरुवातीला बंगळुरूच्या बायोकॉनने मायलनसोबत ट्रास्टुझुमॅबची बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपनीने बनवलेली आवृत्ती) भारतात आणली, मग आणखी भारतीय कंपन्या आल्या आणि भाव बराच उतरला. तरी विदर्भातल्या शेतकरी घराला तो आजही जडच जातो.

वर्ष की सहा महिने यावरही चाचण्या झाल्यात. ब्रिटनमधल्या पर्सेफनी चाचणीत चार हजारांवर बायका होत्या. चार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या: वर्षभराच्या गटात ८९.८ टक्के, सहा महिन्यांच्या गटात ८९.४. फ्रान्सच्या चाचणीला मात्र सहा महिने तितकेच चांगले आहेत असं सिद्ध करता आलं नाही. म्हणून वर्ष हाच शिरस्ता राहिला. पण पैशाअभावी किंवा हृदय दमल्यामुळे मध्येच थांबावं लागलं तर सगळं वाया गेलं असं कोणी समजू नये. हो, हृदय. हर-२ हृदयाच्या स्नायूंनाही लागतं, म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी इको. तो चुकवू नका.

---

रा. रा. शंकाखोर

सरासरीत बुडाला असता हा मुद्दा पटला. बाकी बघू.

---

प्रयोगवेडा

काचपट्टीताई, माझं पीएचडीचं काम पीआय-३-के वर चाललंय, म्हणून राहवत नाही. या मार्गात एक मोठी गंमत आहे.

ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गाठींपैकी साधारण ४० टक्क्यांमध्ये पीआयके-३-सीए या जनुकात बदल असतो. त्यामुळे पीआय-३-के कायम चालू. एकेटी चालू, एमटॉर चालू. कागदावर बघाल तर या बायकांचं वाईट व्हायला हवं. प्रत्यक्षात दहा हजारांवर रुग्णांची एकत्रित माहिती तपासली तेव्हा लवकर सापडलेल्या रोगात हा बदल असलेल्यांचं पहिल्या काही वर्षांत उलट किंचित बरं चाललेलं दिसलं. कारण बहुधा असं की हा बदल मुळात सौम्य, ईआरवर चालणाऱ्या गाठींमध्ये जास्त आढळतो. तोच बदल हर-२ पॉझिटिव्ह गाठीत असला तर ऑपरेशनआधीच्या औषधांनी गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण घटतं. रोग पसरलेला असला तर हाच बदल औषधाचं दार उघडतो: २०१९ मध्ये पीआय-३-के अडवणारं आलपेलिसिब आलं, रोग आटोक्यात राहण्याचा काळ ५.७ वरून ११ महिन्यांवर गेला. एकच जनुक, एकच बदल आणि भाकितं तीन.

आलपेलिसिबने साखर वाढते, निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये. कारण इन्शुलिनचा निरोपही याच पीआय-३-के वरून जातो. मार्ग अडवला की गाठही उपाशी आणि स्नायूही. २०२३ मध्ये एकेटीवरचं कॅपिव्हासर्टिब आलं, त्यात हा त्रास बराच कमी आहे.

---

नीलमोहर

मग रिपोर्टमध्ये एकेटी, अर्क का नसतात? इतके महत्त्वाचे असतील तर थेट तेच मोजा की.

---

काचपट्टी

नीलमोहर, नेमका प्रश्न! याचं उत्तर विज्ञानापेक्षा बाटलीत जास्त आहे.

एकेटी सगळ्याच पेशींत असतं. ते आहे की नाही याला अर्थ नाही, त्यावर फॉस्फेट लागलंय का, म्हणजे ते चालू आहे का, हे हवं. आणि हे फॉस्फेट अतिशय नाजूक. सर्जनने गाठीचा रक्तपुरवठा तोडला की ते गळायला लागतं. गाठ ओटीत ट्रेवर अर्धा तास पडली की मी मोजतेय ते गाठीतलं एकेटी की ट्रेवरचा अर्धा तास, हे सांगता येत नाही. संशोधनात फॉस्फो-एकेटीवर ढीगभर निबंध आहेत, निम्मे म्हणतात वाईट, काही म्हणतात फरक नाही. गाठी कशा हाताळल्या हेच प्रत्येकाचं वेगळं.

यूपीए आणि पीएआय-१ ही प्रथिनांची जोडी तर याहून दुर्दैवी. रोग उलटेल का हे सांगण्यात तिचा पुरावा पहिल्या दर्जाचा. पण मोजायला ताजी गोठवलेली गाठ लागते. ते नेहमीच्या इस्पितळात कोण करणार? त्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टात ती दिसत नाही. ईआर आणि हर-२ टिकले याचं एक साधं कारण म्हणजे ते मेणाच्या ब्लॉकमध्येही (फॉर्मलिनमध्ये टिकवलेली गाठ मेणात बसवतात तो ठोकळा) मोजता येतात.

तेसुद्धा काळजी घेतली तरच. नियम असा: गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे, १० टक्के बफर केलेलं फॉर्मलिन, आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. मोठी गाठ असेल तर आधी काप देऊन, नाहीतर मधला भाग फॉर्मलिन पोचायच्या आतच सडतो.

---

चिंचपोकळी

इथे लिहावं की नाही विचार करत होते. आईचं ऑपरेशन एका छोट्या नर्सिंग होममध्ये झालं, गावाचं नाव सांगत नाही. शनिवारी दुपारी गाठ काढली, बाटलीत घालून आमच्याच हातात दिली, 'सोमवारी शहरात लॅबला नेऊन द्या' म्हणाले. लॅबमधल्या बाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, यात फॉर्मलिन कुठाय? सलाइन होतं. रिपोर्ट आला ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह, खाली तळटीप: 'नमुना योग्य प्रकारे जतन केलेला नाही, निष्कर्ष जपून वापरावेत.' त्या तळटिपेकडे सहा महिने कोणीही बघितलं नाही. आईला ट्रिपल निगेटिव्ह म्हणून केमो झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक मागवून परत तपासला, तर ईआर ६/८. आता गोळी चालू आहे.

---

काचपट्टी

चिंचपोकळी, लिहिलंत ते फार बरं केलंत. सुईच्या बायोप्सीचा तुकडा बारीक असतो, लगेच फॉर्मलिनमध्ये पडतो, म्हणून ईआर आणि हर-२ साठी तो बहुतेक वेळा जास्त विश्वासाचा. सगळ्यांनी तळटीप वाचत जा. आणखी एक खूण सांगते: कापात शेजारी निरोगी स्तनाच्या नलिका असतील तर त्यांत थोड्या पेशी ईआरला रंगल्याच पाहिजेत. त्याही कोऱ्या असतील तर गाठीचं 'निगेटिव्ह' मी मान्य करत नाही, परत करायला लावते.

---

ऑन्को_नागपूर

+१. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतं. तिथे १० ते १५ टक्के, भारतातले निबंध एकत्र केले तर पाव ते एक तृतीयांश. तरुण वय हे एक कारण नक्की आहे. पण पूर्वीच्या आकड्यांत चिंचपोकळी यांनी सांगितलेल्या बाटल्या किती मिसळल्यात, याची शंका मला कायम येते.

---

देशी_उपाय

एवढं सगळं करण्यापेक्षा हळद. तिच्यातलं कर्क्युमिन एकेटी, ईजीएफआर, सगळं बंद करतं, सिद्ध झालेलं आहे.

---

प्रयोगवेडा

काचेच्या बशीत हो. आमच्याही बशीत करतं. तोंडाने घेतलेलं रक्तात इतकं कमी पोचतं की बशीतली मात्रा शरीरात गाठताच येत नाही. हळद भाजीत घाला, आणि केमोच्या काळात तिच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

---

नीलमोहर

केआय-६७ राहिलं. शेजारच्या काकूंना एका लॅबने १५ दिलं आणि दुसऱ्या लॅबने ३०. एकाच गाठीवर!

---

काचपट्टी

होतं असं. केआय-६७ संदेश नेत नाही. पेशी विभाजनाच्या चक्रात आहे एवढंच ते सांगतं, सगळ्या संदेशांचा परिणाम म्हणा. जर्मनीतल्या कील गावी १९८३ च्या सुमारास सापडलं, ६७ हा चाचणीच्या ताटलीतल्या वाटीचा नंबर. गाठीच्या कडेला मोजलं तर एक आकडा, मध्ये मोजलं तर दुसरा, आणि किती गडद रंगाला 'हो' म्हणायचं यावर प्रत्येकाचा हात वेगळा. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटानेच म्हटलंय की ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त या दोन टोकांवर विश्वास ठेवा. वसुधाताईंच्या नणंदेचे २५ त्या मधल्या धुक्यात येतात. त्यावरून मी काहीच ठरवणार नाही.

या धुक्यासाठीच पुढच्या चाचण्या आल्या. ऑन्कोटाइप २१ जनुकं मोजते. २०१८ च्या टेलरएक्स चाचणीत दहा हजारांवर बायका होत्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काखेतल्या गाठी नसलेल्या. गुण ११ ते २५ असतील तर बहुतेकींना केमोने जास्तीचा फायदा नाही, असं त्यातून निघालं. पन्नाशीच्या आतल्या काहींना मात्र १६ ते २५ गुणांवर थोडा फायदा दिसला. नमुना अमेरिकेला जातो आणि बिल लाखांत.

आपल्याकडची कॅनअसिस्ट ब्रेस्ट प्रथिनांवर चालते. मंजिरी बाकरे यांच्या बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची. सीडी-४४, एन-कॅडहेरिन, पॅन-कॅडहेरिन आणि पेशीतून औषध बाहेर फेकणारे दोन पंप, अशी पाच प्रथिनं रंगवून मोजतात आणि त्यात गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठी मिळवून गुण काढतात. पुरावा ऑन्कोटाइपइतका मोठा नाही, किंमत बरीच कमी. मला व्यक्तिशः यातली कल्पना आवडते. ब्लॉक तोच, रंगवायची पद्धत तीच.

---

मँचेस्टरकर

हर-२ 'लो' हा नवा प्रकार ऐकतो आहे. त्यावर जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

ऑन्को_नागपूर

१+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह, याला आता 'लो' म्हणतात. पूर्वी हे सगळं निगेटिव्हच्या टोपलीत जायचं. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान या औषधात अँटिबॉडीला केमोचे रेणू बांधलेले असतात. इथे हर-२ चा संदेश अडवणं दुय्यम. पडद्यावर थोडं जरी हर-२ असलं तरी ते पकडून औषध पेशीत शिरतं, शेजारच्या पेशींनाही लागतं. २०२२ मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या शिकागोतल्या अधिवेशनात आकडे आले: रोग पसरलेल्या, 'लो' असलेल्या बायकांमध्ये सरासरी आयुष्य १६.८ वरून २३.४ महिने. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. भारतात जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात यावरचं सीमाशुल्क काढलं, तरी किंमत अजून सामान्यांच्या आवाक्यातली नाही.

'लो' असल्याने रोगाचं भवितव्य बरंवाईट ठरतं असं काही ठामपणे दिसत नाही. फक्त औषध चालतं. आणि हा प्रश्न रोग पसरलेल्यांपुरता आहे, लवकर सापडलेल्यांनी 'मी लो आहे' म्हणून हुरळून किंवा धास्तावून जाऊ नये.

---

रा. रा. शंकाखोर

म्हणजे १+ की ० यावर लाखोंचं औषध अवलंबून, आणि ते ठरवणार काचपट्टीताईंचा डोळा. मजाच आहे.

---

काचपट्टी

मजा नाही हो, धास्ती आहे. ही चाचणी ३+ ओळखायला बनवली होती. ० आणि १+ मधला फरक करायला ती कोणी बनवलीच नव्हती, आणि दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट तिथे सहज भांडू शकतात. अशा स्लाइड मी सहकाऱ्याला दाखवल्याशिवाय सोडत नाही, आणि आधीची बायोप्सी असेल तर तीही काढून बघते. रोग दुसरीकडे पसरला असेल तर तिथला तुकडा नव्याने तपासा, असा आग्रह धरते. मूळ गाठ आणि यकृतातली गाठ यांचे रिसेप्टर बदललेले असू शकतात.

---

वसुधा_सातारा

ताई, फिश आमच्या इथे होत नाही, पुण्याला न्यायचंय. लॅब म्हणते स्लाइड घेऊन जा. ब्लॉक मागायचा की स्लाइड? देतात का ब्लॉक?

---

काचपट्टी

ब्लॉकच मागा. अर्ज करा, सही करून देतात. रंगवलेल्या स्लाइडवर सहसा फिश होत नाही. ब्लॉक द्यायला कुरकुर केली तर न रंगवलेले काप मागा, चार्ज केलेल्या (काप घट्ट धरून ठेवणाऱ्या) काचेवर घेतलेले. रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर तिथेच उभं राहून जुळवा. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर हर-२ कुठल्या ब्लॉकवर केलं ते लिहून घ्या. साताऱ्याहून जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेण मऊ पडतं.

---

वसुधा_सातारा

बरं. भाचा सोमवारी निघतोय. फिश आलं की रिपोर्ट इथे टाकते.

---

काचपट्टी

टाका, पण नाव, लॅब नंबर आणि बारकोड झाकून.